एप्स: एका डिस्कवर, सगळ्या मशिनवर

आमच्या भौतिकशास्त्र विभागात एप्स आलं ते खोडदमुळे. नारायणगावजवळच्या या गावाच्या शिवारात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मध्यभागी दाटीवाटीनं, बाकीच्या १६ वाय अक्षराच्या तीन हातांवर लांबवर पसरलेल्या. २००२ मध्ये ही दुर्बीण जगभरच्या संशोधकांना खुली झाली. पुढच्या वर्षी आमच्या सरांचा प्रस्ताव मंजूर झाला, निरीक्षणं पार पडली आणि डेटाच्या टेपा विभागात येऊन पडल्या. त्या उघडून त्यातून आकाशाचं चित्र काढायला त्या काळी एकच भरवशाचं साधन होतं: एप्स.

एप्स म्हणजे ॲस्ट्रॉनॉमिकल इमेज प्रोसेसिंग सिस्टिम. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेत, म्हणजे एनआरएओमध्ये, १९७८ च्या सुमारास शार्लट्सव्हिल इथे ते लिहायला घेतलं. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या २७ अँटेनांच्या व्हीएलए दुर्बिणीचा डेटा हाताळण्यासाठी. नावाचा उच्चार इंग्रजीतल्या माकडासारखा होतो म्हणून त्यांचं बोधचिन्ह वानर, आणि त्यांच्या कुकबुक नावाच्या जाडजूड माहितीपुस्तकात मधूनमधून खरोखरच केळ्याच्या पाककृती छापलेल्या असतात. शिकरण मात्र मला त्यात कुठे सापडलं नाही.

मी तेव्हा पीएचडीची विद्यार्थिनी होते. लिनक्सशी थोडी झटापट केलेली असल्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं. विभागातल्या मशिनना तारे-नक्षत्रांची नावं होती. ध्रुव हा सर्व्हर, सन कंपनीची अल्ट्रा, सोलारिस ८ या सनच्याच युनिक्सवर चालणारी. तशाच पण लहान अल्ट्रा म्हणजे चित्रा आणि स्वाती. शिवाय रेड हॅट लिनक्स टाकलेले दोन पेंटियम, रोहिणी आणि हस्त. सरांची अट एकच होती. "कोण कुठल्या मशिनवर बसलंय याचा हिशोब मला ठेवायचा नाही. कुठेही बसलं तरी सारखंच दिसलं पाहिजे, आणि सॉफ्टवेअर एकाच ठिकाणी असलं पाहिजे. पाच ठिकाणी पाच आवृत्त्या नकोत."

अट रास्त होती. एका मशिनवर एप्स बसवणं तसं अवघड नव्हतंच. २००३ पर्यंत त्याची इन्स्टॉल नावाची पर्ल स्क्रिप्ट आली होती. ती एकामागून एक पडदे दाखवत प्रश्न विचारते, आपण उत्तरं द्यायची. सोलारिस आणि लिनक्स दोन्हीसाठी तयार बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेले प्रोग्राम, मिळत होत्या, त्यामुळे सनचा विकतचा फोरट्रान कंपायलर घ्यायचीही गरज नव्हती. वेळ गेला तो 'सारखंच दिसलं पाहिजे' यात.

याचं कारण एप्सच्या स्वभावात आहे. ते जन्मलं तेव्हा प्रत्येक संस्थेत वेगळं यंत्र आणि वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम असायची. त्यामुळे लिहिणाऱ्यांनी ठरवूनच टाकलं की खालच्या यंत्रणेवर विश्वास ठेवायचा नाही. फाइल उघडणं, टेप फिरवणं, वेळ विचारणं अशी जी कामं यंत्रागणिक बदलतात ती सगळी झेडनं सुरू होणाऱ्या रुटीनांमध्ये कोंडली आणि वरचा प्रचंड फोरट्रान कोड तसाच ठेवला. यामुळेच एप्स इतकी दशकं टिकलं, असं माझं मत आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की युनिक्सच्या घरात ते भाडेकरूसारखं राहतं, चूल, भांडी, माठ सगळं स्वतःचं घेऊन. त्याचे स्वतःचे वापरकर्ते असतात, स्वतःचे डिस्क क्रमांक, स्वतःची प्रिंटरांची यादी, स्वतःचा टीव्ही. युनिक्सनं आधीच दिलेल्या या गोष्टी एप्स पुन्हा आपल्या पद्धतीनं मांडतं, आणि पाच मशिनवर या दोन मांडण्या एकमेकींशी जुळवायच्या हे खरं काम.

पहिला निर्णय आकडेमोडीनं झाला. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे १२८ चॅनेल, दोन ध्रुवीकरणं, आणि प्रत्येक मोजमापाला एप्समध्ये १२ बाइट. म्हणजे एका वाचनाला सुमारे १३ लाख बाइट. दर १६ सेकंदांनी एक वाचन धरलं तर तासाला ३०० मेगाबाइट होतात, आणि आठ तासांच्या निरीक्षणाला सव्वादोन ते अडीच गिगाबाइट. हा डेटा एकदा वाचून भागत नाही. कॅलिब्रेशन करताना, खराब भाग काढताना, चित्र बनवताना तो पुन्हा पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचला जातो. आमचं नेटवर्क १० मेगाबिटच्या जुन्या हबवर होतं, म्हणजे सेकंदाला फार तर सव्वा मेगाबाइट, तेही पाच जणांत वाटून. शिवाय एनएफएसच्या, म्हणजे एका मशिनची डिस्क नेटवर्कवरून दुसऱ्याला वापरू देणाऱ्या यंत्रणेच्या, दुसऱ्या आवृत्तीत एका फाइलची मर्यादा २ गिगाबाइट. तेव्हा ठरलं: प्रोग्राम, मदतीचे मजकूर, याद्या हे सगळं ध्रुववर, सर्वांना नेटवर्कवरून, डेटा मात्र ज्याच्या त्याच्या मशिनच्या डिस्कवर. एनएफएस तिसऱ्या आवृत्तीचंच वापरायचं. आणि सरांनी कुठल्याशा खर्चाच्या शीर्षाखाली १०० मेगाबिटचा एक स्विच बसवला. तो पुढे एकदा नडला, ते नंतर.

प्रोग्रामची जागा प्रत्येक मशिनवरून अगदी एकाच नावानं दिसली पाहिजे, ही एप्सची पहिली अट. एप्स-रूट नावाच्या चलात जो पथ असतो तो सगळ्या याद्यांत आणि स्क्रिप्टांत झिरपतो. ध्रुववर एका नावानं, चित्रावर दुसऱ्या नावानं असं चालत नाही. होममध्ये एप्स नावाची डिरेक्टरी करावी असं वाटलं, तर सोलारिसनं रूट या सर्वाधिकारी खात्यालाही ती करू दिली नाही. सोलारिसवर होम ही जागा ऑटोमाउंटरच्या ताब्यात असते. खरी घरं एक्सपोर्टमधल्या होममध्ये, आणि होममध्ये दिसतात ती मागितल्यावर जोडली जाणारी. तिथे हातानं काही निर्माण करता येत नाही. ऑटोमाउंटरच्या यादीतून ती जागा काढता येते, पण मग सगळ्यांच्या घरांची मांडणी बदलावी लागली असती. म्हणून होमचा नाद सोडला. प्रत्येक मशिनवर सगळ्यात वरच्या पातळीवर थेट एप्स नावाची डिरेक्टरी केली आणि ध्रुवची डिस्क तिच्यावर माउंट केली, म्हणजे जोडली. दिसायला रांगडं, पण कुणाच्या वाटेत येत नाही.

मग आले आकडे. युनिक्समध्ये आपण नावानं वावरतो, पण एनएफएसवरून जातो तो फक्त वापरकर्त्याचा क्रमांक. आमच्या लिनक्स मशिनवर वापरकर्ते ५०० पासून मोजले गेले होते, सोलारिसवर १००१ पासून. त्यामुळे रोहिणीवरून मी लिहिलेली फाइल ध्रुववर अनाथ दिसायची. नावाच्या जागी नुसता ५०२. आणि एका मशिनवर माझा जो क्रमांक तो दुसऱ्यावर एका एमएस्सीच्या मुलाचा निघाला. त्याला माझ्या फाइली बिनबोभाट पुसता आल्या असत्या. एनआयएस ही वापरकर्त्यांची सामाईक यादी पुरवणारी सेवा लावून सगळ्यांचे क्रमांक ध्रुववरून द्यायचे ठरवलं. त्यासाठी लिनक्सवरच्या जुन्या फाइलींची मालकी एकेक करून बदलावी लागली. कंटाळवाणं काम, पण टाळता येत नाही. एप्स वापरणाऱ्यांचा एक गट केला, आणि त्या गटातल्यांनी तयार केलेल्या फाइलींवर गटालाही लिहिता यावं म्हणून लॉगिनच्या स्क्रिप्टमध्ये यूमास्क ००२ घातला.

हे सगळं झाल्यावरच इन्स्टॉलची स्क्रिप्ट चालवली. आधी ध्रुववर सोलारिससाठी, मग डिरेक्टरींच्या त्याच झाडात रोहिणीवरून लिनक्ससाठी. एप्सची ही मांडणी मला आवडते: आवृत्तीच्या नावाची एक डिरेक्टरी, आमची ३१डीईसी०३, तिच्यात फोरट्रानचा मूळ कोड आणि मदतीचे मजकूर सगळ्यांना सामाईक, आणि चालणारे प्रोग्राम मात्र यंत्राच्या जातीप्रमाणे वेगळ्या उपडिरेक्टरींत. चित्रावरून चालवलं की सोलारिसचा प्रोग्राम उचलला जातो, हस्तवरून चालवलं की लिनक्सचा. वापरणाऱ्याला काही कळत नाही.

उरलेल्या मशिनसाठी सिसेटअप नावाची स्क्रिप्ट असते. ती प्रत्येक मशिनच्या नावाची एक जागा एप्सच्या डीए०० नावाच्या डिरेक्टरीत तयार करते. चालू असलेलं एप्स आणि त्यानं सुरू केलेली टास्क, म्हणजे एकेक काम करणारे वेगळे प्रोग्राम, यांचं आपसातलं बोलणं तिथल्या फाइलींतून चालतं, त्यामुळे तिथे सगळ्यांना लिहिता आलं पाहिजे. सर्व्हरवरची सामाईक डिस्क म्हटली की ती फक्त वाचण्यापुरती द्यावी असं पहिल्यांदा मनात येतं; एप्सच्या बाबतीत तो शहाणपणा उपयोगाचा नाही. लिनक्सवर आणखी एक कुरबुर होती. एप्स फाइलींना कुलूप लावतं आणि ते कुलूप एनएफएसवरून जायला दोन्हीकडे वेगळी सेवा चालू लागते. रेड हॅटवर ती एनएफएसलॉक नावाची, आणि आमच्याकडे बंद होती. हस्तवर एप्स सुरू व्हायचं आणि पहिल्याच आज्ञेला गप्प बसायचं. चूक दाखवत नाही, मरतही नाही. ती सेवा चालू केल्यावर लगेच बोलायला लागलं.

सरांच्या अटीला खरा धक्का बसला तो डेटाच्या बाइटांच्या क्रमानं. सनच्या स्पार्क प्रोसेसरमध्ये आकड्याचा मोठा भाग आधी लिहिला जातो, इंटेलमध्ये लहान भाग आधी. एप्स डेटा डिस्कवर लिहिताना यंत्राच्या स्वतःच्या क्रमानं लिहितं. म्हणजे स्वातीवर लिहिलेला डेटा रोहिणीच्या एप्सला कचरा दिसतो, भले दोघांना एकच डिस्क दिसत असो. त्यावर एप्सचा उपाय म्हणजे साइट. होस्ट्स-लिस्ट नावाच्या यादीत प्रत्येक मशिनपुढे त्याची जात आणि साइट लिहायची. एका साइटच्या मशिननाच एकमेकांच्या डिस्का दिसतात. आम्ही दोन साइट केल्या, एक सनची, एक लिनक्सची. इकडून तिकडे डेटा न्यायचा तर फिट्स फाइल करून. फिट्स हा खगोलशास्त्रातला सर्वमान्य फाइलचा साचा, त्यात बाइटांचा क्रम ठरलेला असतो, तो कुणीही वाचावा. सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे एका वाड्यात दोन बिऱ्हाडं." मग त्यांनी स्वतःच फळ्यावर दोन रकाने आखून कुणी कुठे काम करायचं ते लिहून टाकलं. हिशोब ठेवायचा नाही म्हणणारे सर!

एका बिऱ्हाडाच्या आत तरी सगळं सारखं दिसावं, यासाठी डिस्क क्रमांक एककडे लक्ष द्यावं लागतं. एप्समध्ये वापरकर्त्याचे संदेश आणि त्यानं सेव्ह करून ठेवलेली परिस्थिती पहिल्या डिस्कवर जाते. चित्रावर पहिली डिस्क चित्राची आणि स्वातीवर स्वातीची असेल, तर चित्रावर काल सेव्ह केलेलं आज स्वातीवर सापडत नाही, आणि विद्यार्थी 'एप्सनं माझं काम खाल्लं' म्हणत येतो. म्हणून प्रत्येक साइटसाठी ध्रुववर एक लहानशी सामाईक जागा केली आणि तिला पहिला क्रमांक दिला. डिस्कांच्या यादीत ओळीच्या सुरुवातीला अधिक चिन्ह लावलं की ती डिस्क सगळ्यांना कायम दिसते. वजा लावलं की मागितली तरच. आमची सामाईक डिस्क तेवढी अधिकवाली, बाकी सगळ्या वजा. चित्रावर बसून स्वातीची डिस्क हवी असेल तर एप्स सुरू करतानाच तसं सांगायचं.

प्रत्येक डेटा-डिरेक्टरीत स्पेस नावाची एक रिकामी फाइल ठेवावी लागते. तिच्यात काहीही नसतं. ती दिसली की एप्स समजतं, डिस्क खरंच जोडलेली आहे. ती नसेल तर नुसत्या रिकाम्या माउंट पॉइंटवर लिहून मशिनची मूळ डिस्क भरून टाकण्याचा धोका असतो. युनिक्सच्या माउंटवर विश्वास नाही, स्वतःची खूण हवी. पुन्हा तोच स्वभाव. मात्र या बाबतीत त्याचा अविश्वास अगदी योग्य ठरला. सफाई करताना शून्य बाइटच्या फाइली उडवायची सवय असलेल्या एकानं हस्तवरची ती फाइल उडवली, तेव्हा एप्सनं त्या डिस्ककडे सरळ दुर्लक्ष केलं. डेटा जागेवरच होता.

मग वापरकर्ते. एप्स सुरू झालं की आपण युनिक्समध्ये कोण आहोत हे न विचारता एक क्रमांक मागतं. तो क्रमांक म्हणजेच तुम्ही. तिथे कुणीही कुणाचाही क्रमांक टाकू शकतो, आणि टाकला की त्याचा कॅटलॉग तुमच्यापुढे उघडतो. यावर आम्ही जो उपाय केला तो कॉम्प्युटरचा नव्हता. प्रयोगशाळेच्या दाराशी खिळ्याला सुतळीनं एक दोनशेपानी वही बांधली. नाव, क्रमांक, तारीख. विभागातले मामा वहीचे राखणदार झाले. नवीन मुलगा आला की "आधी वहीत नंबर घे, मग मशिनला हात लाव" असं ते बजावायचे आणि त्यांच्यापुढे कुणी हुज्जत घालत नसे. सर मात्र ११ नंबर हवाच म्हणून अडून बसले, कारण विचारलं नाही.

हे क्रमांक फाइलींच्या नावात छत्तीसच्या पायात लिहिले जातात. शून्य ते नऊ आणि मग ए ते झेड. सरांचा ११ तिथे ००बी, आणि १०० नंबर म्हणजे ०२एस. जुन्या व्हॅक्स मशिनच्या पद्धतीप्रमाणे फाइलच्या नावाच्या शेवटी अर्धविराम असतो. युनिक्सच्या शेलला अर्धविराम म्हणजे आज्ञा संपली. त्यामुळे अशी फाइल हातानं हलवायची तर नाव अवतरणचिन्हांत घ्यावं लागतं. विद्यार्थ्यांना मी सांगितलं की या डिरेक्टरीत शेलमधून जाऊच नका, जे करायचं ते एप्समधून करा. तिथेही अवतरणचिन्हाची गंमत आहेच. एप्समध्ये शब्द अवतरणात लिहिला की तो सगळा मोठ्या लिपीत होतो. फिट्स फाइलचं नाव लहान लिपीत असेल तर शेवटचं अवतरणचिन्ह मुद्दाम द्यायचं नाही, म्हणजे ते जसंच्या तसं राहतं. हे ऐकून प्रत्येक नवीन विद्यार्थी तेच म्हणतो: हे काय भलतंच.

टाइमडेस्ट नावाच्या आज्ञेचा बंदोबस्त मात्र आधीच केला. डिस्क भरली की कुणीही ही आज्ञा द्यावी आणि ठराविक दिवसांहून जुना डेटा, कुणाचाही असो, साफ व्हावा, अशी ती सोय. मोठ्या वेधशाळेत, जिथे पाहुणे यायचे आणि डेटा टेपवर घेऊन जायचे, तिथे ती ठीक होती. आमच्याकडे एका विद्यार्थ्याचा डेटा परीक्षेच्या काळात महिनोन् महिने तसाच पडून असायचा. नेटएसपी नावाच्या यादीत प्रत्येक डिस्कपुढे दिवसांची मुदत असते. ती इतकी मोठी करून ठेवली की आज्ञा देऊनही काही घडू नये. जागा कमी पडली की फळ्यावर नाव लिहायचं आणि चार लोकांत लाज काढायची, ही पद्धत जास्त चालली.

टीव्ही म्हणजे एप्सची चित्र दाखवणारी खिडकी. ती वेगळा प्रोग्राम म्हणून चालते आणि मुख्य एप्स तिच्याशी नेटवर्कच्या पोर्टवरून बोलतं, त्यामुळे एटीसी डिरेक्टरीतल्या सर्व्हिसेस फाइलमध्ये ५००० आणि पुढचे काही क्रमांक तिच्या नावानं लिहावे लागतात. एनआयएस असल्यामुळे एका ठिकाणी लिहून पाचही मशिनवर गेले. सनच्या पडद्यांवर मात्र एक रुसवा राहिला. आठ बिटांचे पडदे, एकूण २५६ रंग. आधी नेटस्केप उघडलेलं असलं की रंग त्यानं पळवलेले, आणि टीव्हीची खिडकी सुरू केली की बाकी पडदा जांभळा-हिरवा व्हायचा. "नेटस्केप बंद करा" अशी चिठ्ठी चित्राच्या मॉनिटरला बरेच दिवस चिकटलेली होती. लिनक्सवर हा त्रास नव्हता.

बसवलेलं बरोबर चालतंय का हे तपासायला एप्ससोबतच एक चाचणी येते, डर्टी डझन टेस्ट. मूळच्या बारा टास्कांवरून नाव पडलं. ठरलेला डेटा घेऊन कॅलिब्रेशनपासून चित्रापर्यंत सगळं करते आणि आलेलं चित्र मूळ चित्राशी किती बिटांपर्यंत जुळतं ते सांगते. पाचही मशिनवर ती लावली. उत्तरं जुळली. वेळ मात्र जुळली नाही. चित्रावरच ध्रुवची डिस्क वापरून आणि स्वतःची डिस्क वापरून असं दोनदा लावून पाहिलं तर फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता, आणि डेटा स्थानिक डिस्कवर ठेवायच्या निर्णयाबद्दल कुरकुरणाऱ्यांना तो कागद दाखवणं पुरलं.

आता स्विचची गोष्ट. दुपारचं भारनियमन आमच्या गावात नेमानं असायचं आणि मशिनना यूपीएस होता. एके दुपारी वीज गेली, मशिन चालूच राहिली, आणि पाचापैकी चार पडद्यांवर एकदम तीच ओळ उमटली: ध्रुव उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. ध्रुवपाशी जाऊन पाहिलं तर तो व्यवस्थित चालू. कुणाला काही कळेना. शेवटी मामांनी भिंतीकडे बोट केलं. नव्या स्विचचा दिवा विझलेला. त्याची वायर इलेक्ट्रिशियन काकांनी ट्यूबलाइटच्या बोर्डात दिली होती. स्वातीवर तेव्हा इमॅजरचं, म्हणजे चित्र बनवणाऱ्या टास्कचं, मोठं काम चालू होतं. डेटा तिच्या स्वतःच्या डिस्कवर, पण प्रोग्राम आणि डीए०० ध्रुववर. सगळं थिजून उभं. मी माउंट करताना हार्ड हा पर्याय ठेवला होता. सॉफ्ट ठेवलं असतं तर थोडा वेळ वाट पाहून युनिक्सनं वाचन फसल्याचं कळवलं असतं आणि काम अर्ध्यात मेलं असतं. हार्डमध्ये ते नुसतं वाट बघत राहतं. वायर यूपीएसच्या बोर्डात लावली, आणि 'ध्रुव ठीक' अशी ओळ आली. इमॅजर जिथे थांबलं होतं तिथून पुढे निघालं. सामाईक सॉफ्टवेअरसाठी हार्ड की सॉफ्ट या वादात मी तेव्हापासून हार्डच्या बाजूची, मग पडदे थिजोत.

मिडनाइट जॉब ही एप्सची एक अभिमानाची गोष्ट. दर रात्री मूळ ठिकाणचे बदल सीव्हीएस या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनामार्फत उतरवून घ्यायचे, जे बदललं ते कंपाइल करायचं, सकाळी ताजं एप्स तयार. आमच्या इंटरनेटवरून बाहेर फक्त प्रॉक्सीतून वेबपानं जात होती. सीव्हीएसला लागणारं २४०१ क्रमांकाचं पोर्ट बंद. ते उघडून घ्यायचा अर्ज मी केला नाही. ज्या सॉफ्टवेअरवर पाच जणांचे प्रबंध अवलंबून आहेत ते रोज रात्री आपोआप बदलावं, हे मला पटतच नव्हतं. एकाच प्रबंधातली पहिली आणि शेवटची आकृती वेगवेगळ्या एप्समधून आली तर उत्तर कुणी द्यायचं? आम्ही वर्षाला एकदा गोठवलेली आवृत्ती सीडीवर आणायची, नव्या डिरेक्टरीत बसवायची आणि जुनी तशीच ठेवायची असं केलं. सुरू करताना न्यू किंवा ओल्ड म्हटलं की हवी ती मिळते. डिस्कची जागा जाते, पण जाऊ दे.

विभाग सोडताना मी मागच्यांसाठी एक पान लिहून वहीत चिकटवलं, नवीन मशिन जोडायचं तर कशाला कशाला हात लावायचा याचं. एनआयएसमध्ये आणा, घड्याळ एनटीपीनं (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणाऱ्या सेवेनं) ध्रुवशी जुळवा, एप्सची डिरेक्टरी करून माउंट करा, लिनक्स असेल तर लॉकची सेवा चालू करा, होस्ट्स-लिस्टमध्ये साइट तपासून नाव घाला, सिसेटअप चालवा, डेटाची जागा करून तिच्यात स्पेस फाइल ठेवा, ती जागा डिस्कांच्या यादीत वजा चिन्हानं आणि नेटएसपीत मुदतीसह लिहा, शेवटी चाचणी लावा. त्यानंतर अश्विनी नावाचं एक लिनक्स मशिन आलं ते माझ्या ज्युनियरनं त्या पानावरून एकट्यानं जोडलं. त्याचा फोन आला तो एकाच अडचणीसाठी: सगळं केलं, तरी एप्स म्हणतंय हे मशिन माझ्या यादीत नाही. नाव कोणत्या लिपीत लिहिलंस विचारलं. लहान. होस्ट्स-लिस्टमध्ये मोठ्या लिपीत लागतं, आणि ते त्या पानावर नव्हतं. पेननं त्यानंच ते पानाच्या कडेला लिहिलं.